डावीकडच्या पायरीवरची आत्या

३१ मार्च

प्रिय आत्या,

प्रभूत सलाम. तुला फोनवर धड ऐकू येत नाही आणि तू ते कबूल करत नाहीस, म्हणून पत्रच लिहिते.

ईस्टर जवळ आला की मला काळजी लागते. गेल्या वर्षी पाळकसाहेब म्हणाले, “प्रभू उठला आहे,” आणि सगळी मंडळी एका आवाजात उत्तर देत उभी राहिली. मीही उभी राहिले. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात काय होतं, तर दुकानातली शेगडी मी बंद केली की नाही, आणि तिच्यावरचा लाकूड चिकटवायचा सरस करपला की काय. मेलेला माणूस कबरेतून बाहेर आला यावर माझा खरंच विश्वास असेल, तर मला सरस कसा काय आठवतो? बाजूच्या बाई डोळे मिटून हसत होत्या. मीही हसले. ते हसणं खोटं होतं का? वर्षभर हा विचार करतेय. हे मी दुसऱ्या कोणाला विचारू शकत नाही, कारण अक्षरं आणि शुभवर्तमान दोन्ही तूच मला शिकवलंस, शिवणयंत्राखाली बसवून, शिंप्याच्या खडूने.

एक गोष्ट केली आहे ती सांगते. ईस्टरला वेदीच्या पायऱ्यांवर फुलांच्या कुंड्या ठेवतात. डावीकडे प्रभूत निजलेल्यांच्या आठवणीसाठी, उजवीकडे हयात माणसांबद्दल आभार म्हणून. यंदा उजवीकडची एक कुंडी मी तुझ्यासाठी दिली आहे. बाबांना सांगितलेलं नाही. तुझा विषय निघाला की ते रंधा इतक्या जोरात मारतात की फळीचा पापुद्रा व्हायचा. सांगितलं नाही म्हणजे लपवलं, असं होतं का?

तुमचं भांडण अस्तरावरून झालं एवढंच मला माहीत आहे. बाबा शवपेट्या करायचे, तू आतून अस्तर लावायचीस, मग एके दिवशी मी आजोळहून परत आले आणि तू नव्हतीस. आता अस्तर मीच लावते. कोपऱ्यात चुण्या पडतात.

तुझी,
भाची


५ एप्रिल

काळजीबाई,

सरस आठवला ते उत्तम झालं. नाहीतर दुकान पेटलं असतं आणि प्रभू उठलेला असूनही तुम्ही सगळे बादल्या घेऊन धावला असता.

आता मला सांग, त्या पहिल्या सकाळी नेमकं कोण डोळे मिटून हसत होतं? बायका कबरेपाशी गेल्या आणि घाबरून पळत सुटल्या. त्यांनी पुरुषांना सांगितलं, तर पुरुषांना वाटलं बायका बरळतायत. एक जण तर हट्टच धरून बसला की जखमेत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. आनंद आला, पण मागाहून, धापा टाकत. तुझ्या बाजूच्या बाईंना तो इतका वेळेवर कसा येतो, हे त्यांनाच विचार.

मला विचारशील तर मला त्या सगळ्यात प्रभूच्या डोक्याला बांधलेलं, कबरेत राहिलेलं फडकं आवडतं. वेगळं, नीट गुंडाळून ठेवलेलं. मरणाला हरवून उठलेला माणूस, बाहेर सगळं जग वाट बघतंय, आणि हा आधी फडक्याची घडी करतो! मी शिवणकाम करणारी बाई. माझा विश्वास तिथे बसला, तो कायमचा.

भांडणाचं ऐक. मी प्रत्येक पेटीच्या अस्तराला आतून, उजव्या हाताशी, एक छोटा खिसा शिवायचे. कोणाला न सांगता. एका गिऱ्हाइकाने बघितला आणि तुझ्या बाबाला विचारलं, हा कशाला? बाबा माझ्यावर उसळला. म्हणाला, “मेलेल्याला खिसा कशाला लागतो?” मी म्हटलं, “उठल्यावर रुमाल नको?” तो म्हणाला मी श्रद्धेची थट्टा करते. मी म्हटलं, थट्टा तू करतोस, पेट्या अशा ठोकून बंद करतोस जणू आतला माणूस उठण्याचा प्रश्नच नाही. मग तो जे बोलला ते त्याने बोलायला नको होतं, आणि मी निघून गेले ते जायला नको होतं. तो लहान, म्हणून मी त्याने बोलवायची वाट बघितली. तो लहान, म्हणून त्याने माझी. झालं.

कुंडीबद्दल तुला एक पापा. अस्तर कोपऱ्यात आधी ओलं करून ताण, चुण्या जातील.

तुझी,
आत्या


१४ एप्रिल

प्रिय आत्या,

बसून वाच. तू वारली आहेस.

पोस्टाने उशीर होईल म्हणून हे पत्र शहराच्या बसच्या ड्रायव्हरकडे देते. तो ते तुझ्या घराखालच्या दुकानात ठेवेल.

काल ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार होता. कुंड्या शनिवारी यायच्या आहेत, पण चर्चची घंटा वाजवणारे आमचे घंटेकाका फार उत्साही. त्यांनी नावांच्या चिठ्ठ्या आत्ताच पायऱ्यांवर चिकटवल्या. तुझी डावीकडे. मी धावत जाऊन विचारलं, तर म्हणाले, “अगं, इतकी वर्षं कोणाला दिसल्या नाहीत. मला वाटलं गेल्याच असणार.” तोवर ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी सगळ्यांसमोर बाबांचे दोन्ही हात धरले होते आणि म्हणत होत्या, “बहीण गेली, आणि आम्हाला कळवलंही नाहीत?”

बाबांचा चेहरा भुशासारखा झाला.

मी म्हटलं, “बाबा, आत्या जिवंत आहे!” बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “हो, बेटा.” मागच्या तीन बायका म्हणाल्या, “आमेन.” मी म्हटलं, तसं नाही हो, खरोखर जिवंत आहे, तिचे गुडघे दुखतात! पाळकसाहेब म्हणाले, दुःखात माणूस असं बोलतं, हिला पाणी द्या. मला पाणी दिलं. आत्या, मी ते प्यायले.

घरी येऊन तुझं पत्र दाखवलं. बाबांनी फक्त तारीख बघितली. म्हणाले, “पाच तारखेला लिहिलंय. पाच तारखेला ती होती.” तुला फोन लावला, तो तुला ऐकू गेला नसणार. मी म्हटलं, चला, बसने जाऊ, स्वतः बघा. म्हणाले, “काय बघू? कबर? मला कळवू नका असं सांगून गेली असणार ती. कोणत्या तोंडाने जाऊ?”

आज दुकान उघडलं नाही. आत्या, कृपा करून त्यांना एक ओळ लिही. तारखेसह. ही सगळी चूक माझी आहे का? कुंडी दिली नसती तर हे झालं नसतं.

तुझी,
भाची


१६ एप्रिल

लाडके,

मेल्यापासून माझी तब्येत उत्तम आहे.

तुझं पत्र मी चहा पिताना वाचलं आणि अर्धा चहा समोरच्या पडद्याच्या कापडावर गेला. गिऱ्हाइकाला आता फुलांची नक्षी म्हणून खपवते. किती लोक हळहळले? ऑर्गनवाल्या बाई खरंच रडल्या का? माझ्या आवाजाला त्या फुटकं तबक म्हणायच्या! पाळकसाहेब माझ्याबद्दल उपदेशात काही बोलणार असतील तर नीट ऐकून ठेव, मला जिवंतपणी त्यांनी एकदाही बरं म्हटलेलं नाही.

आणि तुझा बाबा? रडला? बघ, इतकी वर्षं एक ओळ नाही, एक निरोप नाही. आता जरा रडू दे. त्याला मेलेली बहीण जड जातेय, तर बरंच आहे.

चिठ्ठी काढू नकोस. कोणाला काही सांगू नकोस, तसंही तुझं कोणी ऐकत नाहीये. मी रविवारी पहाटेच्या बसने येते. मंडळी “प्रभू उठला आहे” म्हणायला उभी राहिली की मी दारातून आत येईन, नवा निळा झगा घालून, आणि थेट डावीकडच्या पायरीवर जाऊन आपल्या कुंडीशेजारी बसेन. अशी संधी माणसाला आयुष्यात, किंवा त्यानंतर, एकदाच मिळते.

हे पत्र बाबाला दाखवायचं नाही.

तुझी,
दिवंगत आत्या


१७ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र माझ्या कामाच्या झग्याच्या खिशात आहे. त्यावर कालची तारीख आहे. बाबांपुढे धरलं तर सगळा गैरसमज मिटेल. सकाळपासून तीनदा त्यांच्यापर्यंत गेले आणि परत आले. कारण ते हे पत्र वाचतील, आणि त्यांना कळेल की ते जेवत नव्हते तेव्हा तू किती लोक रडले ते विचारत होतीस. मग तू जिवंत आहेस हे त्यांना कळेल, पण तू त्यांची राहणार नाहीस.

काय झालं ते सांगते. काल त्यांनी दुकान उघडलं. चांगलं, जुनं, ठेवणीतलं लाकूड काढलं. मी विचारलं, कोणाची? म्हणाले, “ताईची. तिला पोचणार नाही, माहीत आहे. करून ठेवतो.” आज बघितलं तर पेटीच्या झाकणाला कडी बसवत होते. आतल्या बाजूने. मी बघतेय हे पाहून तेच म्हणाले, “ताई म्हणायची, मी पेट्या फक्त बंद करायला शिकलो.” मग रंधा हातात घेऊन तसेच बसून राहिले. म्हणाले, “मी तिला म्हटलं होतं, तू माझ्यासाठी मेलीस. म्हटलं होतं ना. आता कोणाला सांगू की तसं नव्हतं?”

आत्या, मला तुझ्यावर कधी रागावता येत नाही. आज येतंय. मला हे लिहिताना भीती वाटते, पण न लिहिणं जास्त चुकीचं होईल.

प्रभू कोण कोण रडतंय हे बघायला उठला नाही. जे त्याला टाकून पळाले होते, ज्याने त्याला ओळखत नाही म्हणून सांगितलं होतं, त्यांच्याकडे तो आपणहून गेला, आणि बंद दाराच्या आत येऊन पहिला शब्द शांतीचा काढला. “तेव्हा कुठे होतात?” असं एकालाही विचारलं नाही. हे तूच मला शिकवलंस. तेव्हा तुझ्या तोंडात टाचण्या होत्या तरी मला स्पष्ट कळलं होतं. कबरेपाशी रडणाऱ्या बाईला तर त्याने लगेच हाक मारली.

लगेच नाही. आधी तिला तो माळी वाटला, आणि त्याने तिला क्षणभर तसं वाटू दिलं. तू यावर बोट ठेवणारच, म्हणून मीच लिहून टाकते. तेवढ्यापुरती तू जिंकलीस. पण क्षणभरच, आत्या. रविवारपर्यंत नाही.

शनिवारी ये. मी कुंड्या लावायला चर्चमध्ये असेन, बाबा दुकानात एकटे असतील. नाही आलीस तर रविवारी मी वेदीसमोर उभी राहून तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवीन. पडद्यावरच्या चहासकट.

तुझी,
भाची


१८ एप्रिल

बेटा,

वाचलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा काढून, कारण काचा ओल्या झाल्या होत्या.

तू धमकी देतेस! मी तुला इतकं चांगलं शिकवलं होतं हे मला माहीत नव्हतं.

मी येते, उद्या, दुपारच्या बसने, मागच्या दाराने. पण एक सांगते, हसू नकोस. ते दिवंगत वगैरे मी गमतीत लिहिलं, कारण गमतीत लिहिलं नसतं तर लिहिताच आलं नसतं. मला भीती वाटते. मेलेल्या बहिणीसाठी त्याने ठेवणीतलं लाकूड काढलं. मेलेली बहीण चांगलीच असते, काही बोलत नाही, खिसे शिवत नाही. जिवंत बहीण दारात उभी राहिली आणि त्याच्या चेहऱ्यावर “अरे, म्हणजे भांडण अजून आहेच” असं उमटलं, तर? सगळ्या मंडळीसमोर गेले असते तर त्याला आत घ्यावंच लागलं असतं. खरी युक्ती ती होती. निळा झगा नुसता दाखवायला.

प्रभूला दार उघडेल की नाही याची काळजी नव्हती. तो बंद दारातून आत यायचा. मला बिचारीला कडी वाजवावी लागणार.

प्रार्थना कर. सरसाची काळजी करून झाली की कर.

आत्या


२३ एप्रिल

प्रिय आत्या,

तू गेलीस आणि घर एकदम रिकामं झालं. बाबा म्हणतात डोकं शांत झालं, पण सकाळपासून दोनदा तुझी बस वेळेवर पोचली असेल ना असं विचारलं. दोन दिवसांपूर्वी गेलेल्या बसबद्दल.

रविवारचं मला अजून हसू आवरत नाही, आणि चर्चमधल्या गोष्टीवर इतकं हसावं का याचा विचार मी उद्या करणार आहे. तू किती शहाण्यासारखी बाबांशेजारी, मागच्या बाकावर येऊन बसलीस! जुना करडा झगा घालून! ऑर्गनवाल्या बाईंनी ऑर्गनवरच्या आरशात तुला बघितलं आणि दोन्ही हात एकदम पट्ट्यांवर पडले, तो आवाज मी जन्मभर विसरणार नाही. पाळकसाहेब “कबर रिकामी होती” इथपर्यंत आले, त्यांची नजर तुझ्यावर गेली, आणि त्यांना पुढचं वाक्य सापडेना. तूच त्यांना म्हणालीस, “चालू द्या, चालू द्या.” आणि गेल्या रविवारी मी तू जिवंत आहेस म्हटल्यावर ज्या तीन बायका “आमेन” म्हणाल्या होत्या, त्यांच्यातली एक किंकाळी फोडून बाकाखाली गेली. तेव्हा मला वाटलं, आपण सगळे दरवर्षी इतक्या खात्रीने उत्तर देतो, आणि कोणी खरोखरच दारातून आत आलं तर आपण बाकाखाली. मग त्या पहिल्या बायका पळाल्या त्यांचं काय चुकलं?

घंटेकाका मात्र म्हणतात त्यांनी काही चुकीचं केलं नाही, तुम्हीच उशीर केलात.

पण शनिवारी दुकानात काय झालं ते मला कोणी सांगत नाही. मी आले तेव्हा तुम्ही दोघं कडीला तेल घालायचं की मेण, यावरून ओरडत होतात. बाबांना विचारलं तर म्हणतात, “काय व्हायचंय? आली.” तू सांग. मी कोणाला सांगणार नाही. म्हणजे, कोणी थेट विचारलं तर काय करावं ते मात्र मला आत्ताच सांगून ठेव.

तुझी,
भाची


२६ एप्रिल

काळजीबाई,

कोणी थेट विचारलं तर म्हणायचं, “आली.” तुझ्या बाबाचं बरोबर आहे. पण तुला सांगते.

मागच्या दाराशी मी बराच वेळ उभी होते. तयार करून आणलेली सगळी वाक्यं एकेक करून टाकून दिली. शेवटी कडी वाजवली. आतून म्हणाला, “माप तिथे फळीवर लिहून ठेवा, हात चिकट आहेत.” गिऱ्हाईक समजला. मी म्हटलं, “माप तुला माहीत आहे. थोडी जाड झालेय.”

रंधा थांबला. तो वळला. माझ्याकडे बघत राहिला, पोरी, आणि मला ज्या चेहऱ्याची भीती होती तो काही उमटला नाही. काहीच उमटलं नाही. मग तो आला आणि त्याने माझं मनगट धरलं, सरसाच्या हाताने. धरूनच ठेवलं. म्हणाला, “ताई, पाय पूस. सगळीकडे भुसा आहे, घरात जाईल.” मी पाय पुसले. एकाच हाताने तोल सांभाळत, कारण दुसरा तो सोडेना. मग तो बसला, मीही बसले, त्या पेटीच्या कडेवर. तुझ्या पत्रात लिहिलेलं जे त्याला कोणाला तरी सांगायचं होतं, ते त्याने मला सांगितलं. मी म्हटलं, मला माहीत होतं. नव्हतं माहीत. हे खोटं माझ्या नावावर लिही, तुझ्या नको. सरस वाळला तेव्हा मनगट सुटता सुटेना, आणि त्यावरून पहिलं भांडण झालं. नंतर मी आत हात घालून कडी सरकवून बघितली. घट्ट होती. म्हटलं, उठलेल्या माणसाला इतका जोर लावायला लावतोस? तिथून पुढचं तू ऐकलंस.

एक गोष्ट मात्र तुलाही माहीत नाही. सोमवारी सकाळी मी जागी होते, पण डोळे मिटून पडले होते, गुडघे उठू देत नव्हते म्हणून. दार हळूच उघडलं. तुझा बाबा. आत आला नाही, उंबऱ्यावर उभा राहिला. मी पापणीच्या फटीतून बघत होते. तो माझ्या पांघरुणाकडे बघत होता, ते वरखाली होतंय का ते. त्याच्या हातात चहाचा कप होता.

तू मला ओळखतेस. माझ्या मनात पहिलं काय आलं ते तुला सांगायला नको. नुसता श्वास रोखायचा होता. एवढी चांगली संधी पुन्हा कुठली?

मी घोरले, बेटा. मला घोरता येत नाही, पण मी इतक्या मोठ्याने घोरले की खिडकीची काच वाजली. तो तिथेच उभा राहून ते सगळं ऐकत होता. मग कप खाली ठेवला, दार लोटून घेतलं, आणि थोड्या वेळाने दुकानातून रंध्याचा आवाज यायला लागला. संथ, लांब, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

तुझी,
आत्या